अपडेटनंतर लिनक्स सुरूच होत नाही? फॉरमॅट मारायच्या आधी हे करून बघा

रात्री दहाला पुतणीचा फोन आला. ‘‘काकू, लॅपटॉप गेला. काळी स्क्रीन आहे, त्यावर पांढरी अक्षरं, आणि कॅप्स लॉकचा दिवा नुसता लुकलुकतोय.’’ दुसऱ्या दिवशी सकाळी तिला प्रोजेक्ट जमा करायचा होता. संध्याकाळीच ती घराजवळच्या एका दुकानात जाऊन आली होती. तिथं तिला ‘फॉरमॅट मारून विंडोज टाकून देतो, डेटा राहील असं सांगता येत नाही’ एवढंच उत्तर मिळालं होतं. मी तिला म्हटलं, काही मारू नकोस, कागद-पेन घे आणि मी सांगते तसं कर. पाऊण तासानं लॅपटॉप चालू झाला आणि एकही फाइल गेली नव्हती.

हा लेख त्या पाऊण तासाचा आहे, आणि तसेच अडकलेले आणखी बरेच लॅपटॉप फोनवरून सोडवताना जे कळत गेलं त्याचाही. लिनक्स नव्यानं वापरू लागलेल्यांसाठी लिहिते आहे, त्यातही उबुंटू आणि मिंट हे लिनक्सचे प्रकार वापरणाऱ्यांसाठी. फेडोरा आणि आर्चवाल्यांसाठी शेवटाकडे थोडंसं आहे.

कमांड्सबद्दल एक गोष्ट आधीच सांगते. त्या मी फोनवर सांगते तशाच, देवनागरीत लिहिल्या आहेत. तुम्ही टाइप करताना त्या रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांनी टाइप करायच्या. उच्चारावरून स्पेलिंग चुकण्यासारखं असेल तिथं एकेक अक्षर सुटं दिलं आहे. जिथं जागा सोडलेली दिसते तिथं स्पेसबार, आणि जिथं आडवी रेघ दिसते तिथं ती रेघही टाइप करायची. दोन रेघा लागून असतील तर दोन्ही.

जुनं कर्नल अजून तिथंच आहे

सगळ्यात आधी हे डोक्यात पक्कं बसवा. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, संगणकाच्या सगळ्या भागांशी बोलणारा मुख्य प्रोग्रॅम. नवं कर्नल बसवताना उबुंटू किंवा मिंट जुनं कर्नल पुसत नाही. दोन्ही डिस्कवर शेजारी शेजारी असतात, आणि सुरू होताना संगणक त्यातलं नवं निवडतो एवढंच. म्हणजे काल-परवापर्यंत ज्या कर्नलवर तुमचा संगणक व्यवस्थित चालत होता ते आजही जागेवर आहे. तुमचे फोटो, प्रोजेक्ट, हिशेबाच्या शीट, यांना तर अपडेटनं हातही लावलेला नसतो. ‘सुरू होत नाही’ म्हणजे ‘सगळं गेलं’ असं नाही, आणि या घोटाळ्यापायी लोक भरलेल्या डिस्क पुसून टाकतात याचं मला मनापासून वाईट वाटतं.

संगणक सुरू होताना काय काय घडतं ते थोडक्यात बघू, कारण गाडी कुठल्या स्टेशनावर थांबली हे कळलं की निम्मं काम होतं. बटण दाबल्यावर मदरबोर्डवरचं फर्मवेअर, म्हणजे तिथंच कायम ठेवलेला प्रोग्रॅम, जागं होतं. ते ग्रब नावाच्या छोट्या प्रोग्रॅमला बोलावतं. ग्रब दोन फाइल्स मेमरीत चढवतो: एक खुद्द कर्नल आणि दुसरी इनिटरॅमएफएस. मग कर्नल डिस्कवरचं मुख्य विभाजन (पार्टिशन) उघडतं, सिस्टमडी नावाचा प्रोग्रॅम बाकीच्या सेवा सुरू करतो आणि शेवटी लॉगिनची खिडकी येते.

यातलं इनिटरॅमएफएस नीट समजून घ्या, कारण निम्म्याहून जास्त घोटाळे त्याच्याच भोवती होतात. डिस्क वाचायची तर ड्रायव्हर, म्हणजे तो भाग चालवणारा प्रोग्रॅम, लागतो, आणि ड्रायव्हर तर डिस्कवरच ठेवलेला! किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप, अशी गत. म्हणून एक जादा किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेवतो ना, तसे सुरुवातीला लागणारे ड्रायव्हर एका वेगळ्या छोट्या गाठोड्यात बांधून ‘/बूट’ या फोल्डरमध्ये ठेवलेले असतात. ते गाठोडं म्हणजे इनिटरॅमएफएस. प्रत्येक कर्नलचं गाठोडं वेगळं. नवं कर्नल आलं, पण त्याचं गाठोडं काही कारणानं बांधलंच गेलं नाही किंवा अर्धवट बांधलं गेलं, तर कर्नल दारात येऊन उभं राहतं आणि किल्ली मिळत नाही.

पहिलं काम: ग्रबचा मेनू आणा

संगणक पूर्ण बंद करा. अडकला असेल तर पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. मग चालू करा आणि कंपनीचा लोगो येऊन जातोय तोवर एस्केप की दाबा. संगणक जुना, यूईएफआय (नव्या पद्धतीचं फर्मवेअर) नसलेला असेल तर एस्केपऐवजी शिफ्ट दाबून धरायची. मागचा प्रयत्न अर्धवट राहिला असेल तर बऱ्याचदा मेनू आपणहून तीस सेकंद दिसतो, तेव्हा आधी नुसतं थांबून बघायलाही हरकत नाही.

एस्केप भराभर दाबू नका. एखाद वेळ जास्त दाबली गेली की मेनूऐवजी ‘ग्रब’ आणि पुढे बाण असलेली रिकामी ओळ येते आणि माणूस घाबरतो. तसं झालंच तर ‘नॉर्मल’ टाइप करून एंटर दाबा, मेनू परत येतो. नाही आला तर बंद करून पुन्हा एकदा प्रयत्न करा, या वेळी एस्केप एकदाच.

मेनूत दुसरी ओळ ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स फॉर उबुंटू’ अशी असेल, मिंटमध्ये उबुंटूच्या जागी मिंटचं नाव. बाणाच्या कीनं तिथं जाऊन एंटर दाबा. आता कर्नलची यादी दिसेल, आकड्यांसकट. समजा वर ६.८.०-४५ आणि त्याखाली ६.८.०-४१ आहे. प्रत्येकाची दोन रूपं असतात, एक साधं आणि एक रिकव्हरी मोडवालं. तुम्हाला लहान आकडा असलेलं साधं रूप हवं. ते निवडा, एंटर दाबा.

दहातल्या बहुतेक वेळा इथंच डेस्कटॉप समोर येतो. पुतणीचाही आला. तिनं फोनवर असा सुस्कारा सोडला की माझ्याही जिवात जीव आला.

डेस्कटॉप आला, आता घाई नको

दुरुस्तीला हात घालायच्या आधी महत्त्वाच्या फाइल्स पेनड्राइव्हवर किंवा दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. हे वाचून पुढे जायचा मोह होतो, पण जाऊ नका. पाच-दहा मिनिटांचं काम आहे.

मग टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडा आणि आपण नक्की कुठल्या कर्नलवर आहोत ते विचारा:

युनेम -आर

स्पेलिंग यू एन ए एम ई. जो आकडा येईल तो कागदावर लिहून त्याभोवती गोल करा. पुढची सगळी साफसफाई करताना या आकड्याच्या कर्नलला हात लावायचा नाही.

पुष्कळांचा प्रश्न असतो, ‘मी तर काहीच अपडेट केलं नव्हतं.’ खरं आहे. उबुंटू सुरक्षेची अपडेट्स आपली आपण उतरवून बसवतं. शिवाय आपण लॅपटॉप बंद करत नाही, नुसतं झाकण मिटतो. नवं कर्नल पंधरा दिवसांपूर्वीच बसलेलं असतं, पण ते वापरात येतं ते थेट पुढच्या रिस्टार्टला. त्यामुळे कालच्या दिवसात कारण शोधून उपयोग नाही. ‘/व्हार/लॉग/एपीटी’ या फोल्डरमध्ये ‘हिस्टरी.लॉग’ नावाची फाइल असते, ती उघडा. व्हार म्हणजे व्ही ए आर. कुठल्या तारखेला काय बसलं, काय काढलं, सगळं तिच्यात तारीखवार मिळतं.

आता जागा बघा:

डीएफ -एच /बूट

ज्यांनी बसवताना डिस्क कूटबद्ध (एन्क्रिप्ट) करायचा पर्याय घेतला होता त्यांचं ‘/बूट’ हे वेगळं, छोटं विभाजन असतं, आणि कर्नल साठत साठत ते भरून जातं. वापर शंभर टक्के दिसला तर चोर सापडला म्हणून समजा. गाठोडं बांधता बांधता जागा संपली, ते अर्धंच राहिलं. खात्री करायला:

एलएस -एलएच /बूट

‘आयएनआयटीआरडी.आयएमजी’ अशा नावानं सुरू होणाऱ्या ओळी बघा, तीच ती गाठोडी. नव्या आकड्याची फाइल यादीतच नसेल, किंवा जुन्याच्या मानानं फारच लहान असेल, तर तेच कारण.

जागा करायची सरळ वाट:

सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह

‘सुडो’ म्हणजे मालकाच्या अधिकारानं, आणि एपीटी हे प्रोग्रॅम बसवायचं-काढायचं साधन. हे जुनी, नको असलेली कर्नल काढतं आणि चालू असलेलं राखतं. पण डिस्क अगदी काठोकाठ भरली असेल तर एपीटी स्वतःच अडून बसतं. अशा वेळी यादीतल्या सगळ्यात जुन्या कर्नलचं गाठोडं, म्हणजे तीच आयएनआयटीआरडीवाली फाइल, हलवून घरच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि मग ऑटोरिमूव्ह चालवा. गोल केलेला आकडा मात्र वगळून. गाठोडं का निवडलं? कारण ते केव्हाही पुन्हा बांधता येतं. ‘व्हीएमलिनझ’ नावाच्या फाइल्स म्हणजे खुद्द कर्नल, त्या हातानं काढू नका.

अर्धवट राहिलेलं काम पूर्ण करा

आता खरी दुरुस्ती. अपडेट चालू असताना लाइट गेली, बॅटरी संपली, किंवा कुणी झाकण मिटलं, की पॅकेजेस, म्हणजे बसवायचे प्रोग्रॅम, अर्धवट बसलेली राहतात. ती पुरी करायला:

सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए

मग:

सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल

या दोन कमांड्स चालताना पडद्यावर जे येतं ते वाचा. इंग्रजी मजकुराची रांग दिसली की डोळे आपोआप शेवटाकडे पळतात, पण खरं उत्तर बहुधा मधल्या एका ओळीत असतं.

पुतणीच्या बाबतीत ती ओळ होती ‘रन-पार्ट्स’पासून सुरू होणारी, आणि तिच्या पोटात ‘डीकेएमएस’ हा शब्द. त्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे, कारण हाच प्रकार मी पुढेही अनेकदा पाहिला. तिच्या लॅपटॉपचं अंगचं वायफाय बिघडलेलं. म्हणून तिनं यूएसबीचं वायफाय घेतलं होतं आणि त्याचा ड्रायव्हर नेटवरून उतरवून बसवला होता. असे बाहेरचे ड्रायव्हर डीकेएमएस नावाची व्यवस्था सांभाळते: नवं कर्नल आलं की ती त्या ड्रायव्हरचा मूळ कोड घेऊन नव्या कर्नलसाठी तो पुन्हा बांधते. पण कर्नलच्या आतली रचना बदलत राहते. वर्ष-दोन वर्षं कुणी न सांभाळलेला कोड नव्या कर्नलवर बांधलाच जात नाही.

ड्रायव्हर बांधला गेला नाही तर फक्त वायफाय बंद पडावं, अख्खा संगणक का अडावा? कारण नवं कर्नल बसल्यावर जी छोटी छोटी कामं व्हायची असतात ती ‘/ईटीसी/कर्नल/पोस्टइन्स्ट.डी’ या फोल्डरमधल्या स्क्रिप्ट्स नावाच्या वर्णक्रमानं करतात. रोमन वर्णक्रमात डीकेएमएस आधी येतं, इनिटरॅमएफएसची स्क्रिप्ट त्याच्या मागून आणि ग्रबची त्याहूनही मागून. आधीची स्क्रिप्ट आपटली की रांग तिथंच थांबते. गाठोडं बांधायची पाळी येतच नाही. पुढे कधीतरी दुसऱ्या कुठल्या कारणानं ग्रबचा मेनू नव्यानं लिहिला जातो, त्यात नवं कर्नल दाखल होतं, पण गाठोड्याविना. आणि मग रिस्टार्टला पडद्यावर येतं: ‘कर्नल पॅनिक - नॉट सिंकिंग: व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)’. दोन शून्यांचा तो कंस म्हणजे कर्नल सांगतंय की मला एकही डिस्क दिसत नाही. डिस्क ठणठणीत असते, वाचायची किल्ली नसते.

तुमच्याकडे असं काही आहे का ते बघायला:

डीकेएमएस स्टेटस

इथं बाहेरून आलेल्या प्रत्येक ड्रायव्हरचं नाव, आवृत्ती आणि तो कुठल्या कर्नलसाठी बसला आहे ते दिसतं. एखादा जुन्या कर्नलपुढे ‘इन्स्टॉल्ड’ आहे आणि नव्यापुढे त्याचं नावच नाही, तर तोच अडथळा. तो एपीटीनं बसवलेला असेल तर एपीटीनंच काढा. हातानं बसवलेला असेल तर:

सुडो डीकेएमएस रिमूव्ह नाव/आवृत्ती --ऑल

‘नाव’ आणि ‘आवृत्ती’च्या जागी यादीत दिसलेलं जसंच्या तसं टाइप करा. त्यानंतर वरची कॉन्फिगरवाली कमांड पुन्हा चालवा. वायफायचा ड्रायव्हर काढल्यावर नेट कुठून आणायचं? मोबाइल चार्जिंगच्या केबलनं लॅपटॉपला जोडा आणि मोबाइलच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. त्याला बहुतेक वेळा वेगळा ड्रायव्हर लागत नाही. पुतणीनं दुसऱ्या दिवशी प्रोजेक्ट असाच पाठवला.

हे सगळं झाल्यावर गाठोडं बांधलं गेलं का ते ‘/बूट’मध्ये बघा. नसेल तर स्वतः बांधा:

सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -सी -के ६.८.०-४५-जेनेरिक

इनिटरॅमएफएसचं स्पेलिंग आय एन आय टी आर ए एम एफ एस. आकडा तुमच्या नव्या कर्नलचा घालायचा, ‘जेनेरिक’सकट. ‘-सी’ म्हणजे नव्यानं तयार कर. फाइल आधीपासून आहे पण खराब वाटते, तर ‘-सी’च्या जागी ‘-यू’. मग मेनू नव्यानं लिहा:

सुडो अपडेट-ग्रब

कमांडच्या उत्तरात नव्या आकड्याची कर्नलची ओळ आणि तिच्या लगेच खाली त्याच आकड्याची आयएनआयटीआरडीची ओळ, अशी जोडी दिसली पाहिजे. जोडी दिसली की रिस्टार्ट करा.

पॅनिक नाही, नुसता काळा पडदा

हे वेगळं दुखणं. लोगो येतो, कदाचित पंखाही फिरतो, आणि पुढे अंधार. इथं कर्नल बहुधा नीट चढलेलं असतं, पण पडदा चालवणारा ड्रायव्हर चढत नाही. एनव्हिडियाचं कार्ड असलेल्या लॅपटॉपवर संशय पहिल्यांदा तिकडेच जावा.

ग्रबच्या मेनूत नव्या कर्नलच्या ओळीवर उभं राहून ‘ई’ ही की दाबा. एक छोटा मजकूर उघडेल. त्यात ‘लिनक्स’ या शब्दानं सुरू होणारी लांब ओळ शोधा. तिच्या शेवटी ‘क्वाएट स्प्लॅश’ असे दोन शब्द असतात. ते खोडा आणि त्यांच्या जागी ‘नोमोडसेट’ लिहा: एन ओ एम ओ डी ई एस ई टी, सगळं जोडून. मग एफ१० दाबा. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो, काही चुकलं तर पुढच्या रिस्टार्टला तो आपोआप जातो. म्हणून न घाबरता करून बघा.

‘क्वाएट स्प्लॅश’ खोडल्यामुळे सुरू होतानाच्या सगळ्या ओळी पडद्यावरून धावताना दिसतात. अडकलं तर शेवटच्या दहा ओळींचा मोबाइलनं फोटो काढा. कुणाला मदत मागायची झाली तर ‘चालत नाही हो’ या वर्णनापेक्षा तो एक फोटो शंभर पटीनं कामाचा.

नोमोडसेटनं चित्र आलं, भले मोठमोठं आणि धुरकट का असेना, तर ड्रायव्हर हेच कारण ठरलं. तेव्हा नव्या कर्नलचे हेडर्स आहेत का बघा, कारण त्यांच्याशिवाय डीकेएमएसला ड्रायव्हर बांधता येत नाही:

सुडो एपीटी इन्स्टॉल लिनक्स-हेडर्स-६.८.०-४५-जेनेरिक

आणि मग उबुंटूवर:

सुडो उबुंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल

मिंटमध्ये हेच काम ड्रायव्हर मॅनेजरमधून होतं.

सिक्युअर बूट, म्हणजे सही असलेलेच प्रोग्रॅम सुरू होऊ देणारी फर्मवेअरची सोय, चालू असेल तर आणखी एक खोच आहे. सही नसलेला ड्रायव्हर कर्नल आत घेत नाही. ड्रायव्हर बसवताना उबुंटू तुम्हाला एक पासवर्ड ठरवायला सांगतं आणि पुढच्या रिस्टार्टला निळा पडदा येतो, त्यावर ‘परफॉर्म एमओके मॅनेजमेंट’ असं लिहिलेलं असतं. हा पडदा थोडाच वेळ थांबतो. बरेच जण काहीतरी भलतंच म्हणून ‘कंटिन्यू बूट’ दाबून पुढे जातात आणि ड्रायव्हर बिनसहीचाच राहतो. तिथं ‘एनरोल एमओके’, मग ‘कंटिन्यू’, मग ‘येस’, मग तो पासवर्ड, आणि शेवटी रिबूट, हा क्रम आहे. सिक्युअर बूट चालू आहे की नाही ते ‘मोकयुटिल --एसबी-स्टेट’ सांगतं. स्पेलिंग एम ओ के यू टी आय एल.

नोमोडसेट हा टेकू आहे, तो कायमचा ठेवू नका. त्यानं ग्राफिक्सचा वेग जातो.

पडद्यावर दुसरंच काही दिसत असेल तर

‘बिझीबॉक्स’ असं नाव आणि खाली ‘इनिटरॅमएफएस’ची ओळ येऊन थांबलं, तर गाठोडं मिळालं पण मुख्य विभाजन उघडलं नाही. वरच्या ओळींत ‘रन एफएससीके मॅन्युअली’ असं दिसलं तर तिथंच विभाजनाचं नावही असतं. ते घालून ‘एफएससीके -वाय /डेव्ह/एसडीए२’ असं टाइप करा, डेव्ह म्हणजे डी ई व्ही, आणि संपल्यावर ‘एक्झिट’. एसडीए२ हे नुसतं उदाहरण, तुमच्या पडद्यावरचं नाव घ्या. हे बहुतेक वेळा लाइट अचानक गेल्यानं होतं, कर्नलचा त्यात दोष नसतो. पण पंधरवड्यात दुसऱ्यांदा झालं तर डिस्क थकत आली आहे असं धरून आधी बॅकअप घ्या.

‘यू आर इन इमर्जन्सी मोड’ असं आलं तर एफएसटॅबमध्ये, म्हणजे सुरू होताना जोडायच्या डिस्कच्या यादीत, लिहिलेली एखादी डिस्क सापडत नसेल. बाहेरची हार्डडिस्क कायमची जोडून ठेवली होती आणि आता काढली आहे का, ते आठवा.

ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अपडेटनंतर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असलेल्या अनेक संगणकांवर ‘एसबॅट सेल्फ-चेक फेल्ड’ असा संदेश येऊ लागला होता. तसं काही दिसलं तर कर्नलशी खेळत बसू नका. फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करा, लिनक्स चालू करा आणि आधी सगळी अपडेट्स घ्या.

जुनं कर्नलही चालू होत नाही

आता पेनड्राइव्ह लागणार. शेजाऱ्यांच्या किंवा मित्राच्या संगणकावर उबुंटूची किंवा मिंटची आयएसओ फाइल उतरवून तिचा लाइव्ह पेनड्राइव्ह (ज्यावरून थेट लिनक्स चालतं असा) बनवा, त्यावरून संगणक सुरू करा आणि ‘ट्राय’चा पर्याय निवडा. ‘इन्स्टॉल’ नाही! हा शब्द मी फोनवर प्रत्येकाकडून दोनदा वदवून घेते.

डेस्कटॉप आला की फाइल मॅनेजरमध्ये तुमची आतली डिस्क दिसेल. आधी फाइल्स बाहेर काढा. मग टर्मिनलमध्ये आतल्या लिनक्समध्ये ‘शिरायचं’:

१. ‘एलएसबीएलके -एफ’ चालवा. ‘ईएक्सटी४’ लिहिलेलं मोठं विभाजन ते मुख्य, आणि ‘व्हीएफएटी’ लिहिलेलं छोटं ते ईएफआय, म्हणजे फर्मवेअर सुरुवातीला वाचतं ते. नावं कागदावर लिहा. समजा मुख्य ‘एनव्हीएमई०एन१पी२’ आणि ईएफआय ‘एनव्हीएमई०एन१पी१’.

२. ‘सुडो माउंट /डेव्ह/एनव्हीएमई०एन१पी२ /एमएनटी’.

३. बूटचं वेगळं विभाजन असेल तर ते आधी ‘/एमएनटी/बूट’वर माउंट करा (म्हणजे तिथं जोडा), आणि त्यानंतर ईएफआयचं ‘/एमएनटी/बूट/ईएफआय’वर. हा क्रम उलटला तर बूटचं विभाजन ईएफआयला झाकून टाकतं.

४. ‘सुडो माउंट --आरबाइंड /डेव्ह /एमएनटी/डेव्ह’. हीच कमांड ‘प्रॉक’, ‘सिस’ आणि ‘रन’ या तीन नावांसाठी पुन्हा. प्रॉक म्हणजे पी आर ओ सी, सिस म्हणजे एस वाय एस, रन म्हणजे आर यू एन.

५. ‘सुडो सीएचरूट /एमएनटी’. सी एच आर डबल ओ टी.

आता टर्मिनल पेनड्राइव्हचं राहिलं नाही, तुमच्या बंद पडलेल्या लिनक्सचं झालं. इथून पुढे वरच्याच कमांड्स त्याच क्रमानं: जागा बघा, अर्धवट पॅकेजेस पुरी करा, गाठोडं बांधा, ग्रब लिहा. फक्त ‘युनेम’ इथं पेनड्राइव्हचा कर्नल सांगेल, तेव्हा आकडे ‘/बूट’मधल्या यादीतून घ्या. काम झालं की ‘एक्झिट’, रिबूट, आणि पेनड्राइव्ह काढा.

डिस्क कूटबद्ध असेल तर दुसऱ्या पायरीआधी ‘सुडो क्रिप्टसेटअप ओपन’नं तिचं कुलूप उघडावं लागतं, आणि उघडताना जे नाव द्याल ते आतल्या ‘/ईटीसी/क्रिप्टटॅब’ फाइलमधल्या नावाशी तंतोतंत जुळलं पाहिजे. नाही जुळलं तर बांधलेल्या गाठोड्यात कुलूप उघडायची सोयच येत नाही आणि इतकी मेहनत करून पुन्हा तोच काळा पडदा. ही चूक शोधायला मला एकदा अख्खी दुपार लागली होती. म्हणून आधी कुठल्याही नावानं उघडून फाइल वाचा, मग बंद करून बरोबर नावानं उघडा.

फेडोरा आणि आर्च

फेडोरा शेवटची तीन कर्नल ठेवतं आणि मेनूत एक रेस्क्यूची ओळही असते, त्यामुळे पहिली पायरी तीच. गाठोडं बांधायला तिथं ‘ड्रॅकट’ वापरतात. आर्चमध्ये मात्र नवं कर्नल जुन्याच्या जागीच बसतं, मागे काही उरत नाही. आर्च वापरायचंच असेल तर ‘लिनक्स-एलटीएस’ हे दुसरं कर्नल आजच सोबत बसवून ठेवा. तिथं गाठोडं ‘एमकेइनिटसीपीआयओ -पी’नं बांधतात, आणि या ठिकाणी ‘पी’ मात्र मोठ्या अक्षरातला.

पुढच्या वेळी एस्केपची कसरत नको

‘/ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब’ ही फाइल सुडो लावून एडिटरमध्ये उघडा. ‘ग्रब_टाइमआउट_स्टाइल’पुढे ‘हिडन’च्या जागी ‘मेनू’ लिहा आणि ‘ग्रब_टाइमआउट’पुढे शून्याच्या जागी पाच. फाइल जतन करून अपडेट-ग्रब चालवा. आता दर वेळी पाच सेकंद मेनू दिसेल. घरात लिनक्स वापरणारी आई-बाबांसारखी माणसं असतील तर त्यांच्या संगणकावर हे आवर्जून करा. फोनवर ‘दुसरी ओळ, मग तिसरी ओळ’ एवढंच सांगून काम होतं, लोगोच्या मुहूर्तावर एस्केप दाबायला त्यांना शिकवावं लागत नाही.

सगळे उपाय करूनही नवं कर्नल तुमच्या यंत्राशी जुळलं नाही तर जुन्यावरच राहा आणि नवी येणं थोडे दिवस थांबवा:

सुडो एपीटी-मार्क होल्ड लिनक्स-जेनेरिक लिनक्स-इमेज-जेनेरिक लिनक्स-हेडर्स-जेनेरिक

मिंटच्या अपडेट मॅनेजरमध्ये ‘व्ह्यू’ मेनूत ‘लिनक्स कर्नल्स’ अशी खिडकी आहे, तिथून कुठली कर्नल बसलेली आहेत ते बघून नको ते काढताही येतं. होल्ड लावलात तर कॅलेंडरवर महिन्याभरानंतरच्या तारखेला खूण करा, कारण कर्नल थांबवणं म्हणजे सुरक्षेची दुरुस्तीही थांबवणं. त्या दिवशी ‘होल्ड’च्या जागी ‘अनहोल्ड’ लिहून तीच कमांड चालवा, अपडेट घ्या, आणि रिस्टार्ट करा. तो रिस्टार्ट मात्र सुट्टीच्या दिवशी सकाळी करा, लाइट असताना, चार्जर लावून.